जपानी ग्रीन टी ऑनलाइन घेताना विक्रेता कसा पारखावा: गोव्यातल्या नवख्यांसाठी

गोव्यातल्या कॅफेंच्या मेनूवर आता माचा, म्हणजे जपानी ग्रीन टीची पूड, सर्रास दिसतो. तिथे एकदा चव लागली की माणूस घरी येऊन मोबाइलवर शोधायला लागतो आणि समोर हिरव्या पाकिटांचा ढीग येऊन पडतो. कुठे फुजी पर्वत, कुठे चेरीची फुलं, वर 'प्रीमियम', 'ऑथेंटिक', 'सेरेमोनियल' अशी बिरुदं, आणि किंमत कुठे तीनशे तर कुठे तीन हजार. हातात घेऊन, हुंगून, दोन पानं चावून बघावीत तर असा सुटा चहा विकणारं दुकान इथे शोधून सापडत नाही. म्हणजे चहा बघायच्या आधी विकणाऱ्यालाच बघावं लागतं.

माझा ठोकताळा सोपा आहे. ज्याला आपला माल माहीत आहे तो तारीख सांगतो, गाव सांगतो, तोडणी सांगतो. ज्याला माहीत नाही तो विशेषणं सांगतो. पुढचं सगळं म्हणजे हा ठोकताळा प्रत्यक्षात कसा वापरायचा, एवढंच.

आधी स्वतःला काय हवं ते ठरवा

'जपानी ग्रीन टी' असा एकच चहा नसतो. चिनी ग्रीन टीची पानं बहुतांशी कढईत परततात, जपानी पानं वाफवतात. त्यामुळे जपानी चहाला ताज्या पालेभाजीसारखा, कधी समुद्रकाठच्या शेवाळासारखा वास येतो. नुसता पिवळसर, फिका, लिंबू पिळून प्यायचा टी बॅगवाला चहा डोक्यात असेल तर पहिल्या घोटाला दचकायला होईल. तयारी ठेवा.

सेन्चा हा तिथला रोजचा चहा, सुईसारखी वळलेली पानं. होजिचा म्हणजे पानं किंवा देठ भाजून केलेला तपकिरी चहा. त्याला खमंग वास असतो, कडवटपणा जवळजवळ नसतो आणि उकळतं पाणी ओतलं तरी बिघडत नाही. गेनमाइचात भाजलेले तांदूळ असतात, त्यातले काही लाह्यांसारखे फुटलेले. ग्योकुरोच्या झाडांवर तोडणीआधी सुमारे तीन आठवडे सावली धरतात. तो महाग, आणि करायलाही निगुतीचा. माचासाठीही सावलीतलीच पानं घेतात, पण ती न वळता नुसती सुकवतात, शिरा-देठ काढून टाकतात आणि जात्यावर दळतात. दगडी जात्यावर तासाला जेमतेम चाळीसेक ग्रॅम पूड निघते, यावरून त्याच्या किमतीचा अंदाज यावा.

नवख्या माणसाने माचापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सध्या माचा जो तो विकतो, अगदी चहाशी काडीचा संबंध नसलेली दुकानंसुद्धा. त्यामुळे माचावरून विक्रेता ओळखणं अवघड जातं. सेन्चा मात्र लबाडी लपवत नाही. पान दिसतं, तुकडे दिसतात, शिळेपणा वासाला लगेच कळतो. एक सेन्चा आणि एक होजिचा, एवढ्यावर दुकानाची परीक्षा होते.

दुकान नेमकं कुठे आहे ते बघा

वेबसाइटवर 'आमच्याविषयी' नावाचं पान असतं, ते कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. तीन प्रकारचे विक्रेते भेटतील.

पहिला, जपानमधून थेट पाठवणारा. यात कुणी मळेवाला असतो, कुणी मळेवाल्यांकडून कच्चा चहा घेऊन त्याची शेवटची भाजणी आणि मिश्रण करणारा पेढीवाला. जपानात चहाचा धंदा पूर्वापार या पेढ्यांवर चालत आला आहे. क्योटोतली इप्पोदो ही पेढी १७१७ सालची. शेतकरी पानं वाफवून, वळून, सुकवून 'आराचा' म्हणजे कच्चा चहा तयार करतो. पेढीवाला तो चाळतो, भाजतो, वेगवेगळे लॉट मिसळून दरवर्षी चव सारखी ठेवतो. तेव्हा 'थेट शेतकऱ्याकडून' हे वाक्य दिसलं म्हणून हुरळून जायचं कारण नाही आणि 'ब्लेंड' दिसलं म्हणून नाक मुरडायचंही नाही. चांगला पेढीवाला होणं हे अख्ख्या आयुष्याचं काम असतं.

दुसरा, भारतात आयात करून विकणारा. याच्याकडे पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, एमआरपी, निव्वळ वजन आणि मूळ देश हे सगळं असलंच पाहिजे. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकून पाहता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यात परवाना कुणाच्या नावावर आहे तेही कळतं. विक्रेत्याचा माल महाग वाटेल, पण त्याला सगळी लूट समजू नका. भारतात बाहेरून येणाऱ्या चहावर मूळ आयात शुल्कच १०० टक्के आहे. कायदेशीर मार्गाने माल आणणाऱ्याची किंमत जपानातल्या किमतीच्या बरीच वर जाणार, हे गणित उघड आहे. उलट जपानातल्या दरापेक्षाही स्वस्त 'जपानी' चहा भारतात कुणी विकत असेल तर तिथेच थांबा.

तिसरा, मोठ्या मार्केटप्लेसवरचा विक्रेता. इथे ब्रँड एकाचा, विकणारा दुसरा आणि गोदाम तिसऱ्याचंच, असा प्रकार असतो. 'सोल्ड बाय' समोरचं नाव बघा, त्यावर टिचकी मारा, तो आणखी काय काय विकतो ते बघा. चहाशेजारी मोबाइल कव्हरं आणि योगा मॅट दिसल्या तर त्याला तोडणीची तारीख विचारण्यात अर्थ नाही. या दुकानांतही 'कंट्री ऑफ ओरिजिन' लिहिणं बंधनकारक आहे, पण ती ओळ पार खाली, बारीक अक्षरात असते. तिथपर्यंत स्क्रोल करा. वर फुजी आणि खाली 'चीन', किंवा वर 'जॅपनीज सेन्चा' आणि खाली 'भारत', असं निघू शकतं. चीनमध्येही सेन्चा आणि माचा होतो, आपल्याकडेही सेन्चा पद्धतीचा चहा करतात. तो वाईटच असतो असं नाही. वाईट असतं ते न सांगता विकणं.

चहाचं वेबसाइटवरचं पान ओळीओळीने वाचा

इथे घाई करू नका. कामाची माहिती या एकाच पानावर असते, आणि नसेल तर तिचं नसणं हीसुद्धा माहितीच.

पहिली गोष्ट, जागा. 'प्रॉडक्ट ऑफ जपान' एवढ्यावर भागत नाही. कोणता प्रांत, जमल्यास कोणतं गाव? शिझुओका म्हटलं तर काकेगावा की कावाने? कागोशिमा म्हटलं तर चिरान की किरिशिमा? फुकुओका प्रांतातलं यामे, सैतामातलं सायामा, क्योटोतलं वाझुका ही नावंही वरचेवर दिसतील. शिझुओका वर्षानुवर्षं कच्च्या चहाच्या उत्पादनात पहिला होता, २०२४ मध्ये कागोशिमाने त्याला मागे टाकलं. तेव्हा कागोशिमाचं नाव अनोळखी वाटलं म्हणून त्या चहाला दुय्यम समजू नका. दक्षिणेकडची उबदार हवा, सपाट मळे, यंत्राने तोडणी, यामुळे तिथला चहा परवडतोही आणि गोडसरही लागतो.

क्योटोजवळच्या उजी या चहाच्या गावाच्या नावाबाबत मात्र जरा थांबून विचार करा. आपल्या गोव्यात पर्यटकांसाठी 'गोव्याचे काजू' म्हणून जी पाकिटं लागलेली असतात, त्यांतला बराच कच्चा माल आफ्रिकेतून येतो आणि इथे सोलून-भाजून 'गोव्याचा' होतो, हे आपल्याला घरबसल्या ठाऊक असतं. उजीच्या चहाचं काहीसं तसंच आहे, फक्त तिथे ते उघडपणे, नियमात बसवून केलेलं आहे. क्योटोच्या चहा व्यापाऱ्यांनी २००४ मध्ये केलेल्या व्याख्येप्रमाणे क्योटो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांतली पानं क्योटोत प्रक्रिया झाल्यावर 'उजीचा चहा' म्हणून विकता येतात. यात फसवणूक नाही. पण उजीच्या नावाचे जादा पैसे मोजत असाल तर पानं नेमकी कुठली, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि चांगल्या विक्रेत्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरी गोष्ट, तोडणी. वसंतातल्या पहिल्या तोडणीला इचिबानचा म्हणतात. कागोशिमात ती एप्रिलमध्ये सुरू होते, शिझुओकात एप्रिलअखेर, उजीकडे मे महिन्यात. जपानी पंचांगात वसंतारंभापासूनची ८८वी रात्र, म्हणजे १ किंवा २ मे, ही चहातोडणीची पारंपरिक खूण. हिवाळाभर झाडाने साठवलेलं सगळं या पहिल्या पालवीत उतरतं, म्हणून तिला गोडी आणि दाटपणा असतो. जून-जुलैची दुसरी तोडणी जास्त तुरट. शरदातली पानं जाडीभरडी, ती बहुधा बानचा म्हणून विकतात. बानचा बानचा म्हणून स्वस्तात घ्यायला काहीच हरकत नाही, जेवणानंतर मस्त लागतो. पण पानावर 'फर्स्ट हार्वेस्ट' किंवा 'इचिबानचा' हा शब्दच नसेल आणि किंमत पहिल्या तोडणीची असेल, तर तो शब्द चुकून राहिला असेल असं समजू नका.

तिसरी गोष्ट, वर्ष. हे सर्वांत जास्त लपवलं जातं. 'शिंचा', म्हणजे नवा चहा, हा शब्द त्याच वर्षीच्या पहिल्या चहालाच शोभतो. जानेवारीत कुणी 'फ्रेश शिंचा' विकत असेल तर तो आठ महिन्यांपूर्वीचा आहे. सेन्चा चांगला पॅक केलेला असेल तर वर्षभर तग धरतो, पण तोडणीचं साल लिहायला काय जातं? 'बेस्ट बिफोर' तारखेवरूनही अंदाज येतो. पुष्कळ दुकानं पॅकिंगपासून सहा महिने ते एक वर्ष अशी मुदत देतात. मुदत दोन-तीन वर्षांची लिहिली असेल तर विकणाऱ्याला ताजेपणाची फिकीर नाही असं धरून चला.

चौथी गोष्ट, झाडाची जात आणि वाफवण्याची पद्धत. याबुकिता ही जपानात सर्वांत जास्त लावली जाणारी जात, १९०८ मध्ये शिझुओकात निवडलेली. साएमिदोरी, ओकुमिदोरी, आसात्सुयु, युताकामिदोरी हीही नावं दिसतील. नवख्याला जात कळायलाच हवी असं नाही, पण विक्रेत्याला ती माहीत असणं ही चांगली खूण आहे. वाफवण्याचं मात्र तुम्हालाही ठाऊक हवं. साधा सेन्चा अर्धा ते एक मिनिट वाफवतात. 'फुकामुशी' म्हणजे जास्त वाफवलेला, साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक वेळ. त्याची पानं मऊ पडून मोडतात, पाकिटात बारीक चुरा असतो आणि चहा दाट, गढूळ हिरवा उतरतो. 'मला कचरा पाठवला' अशा तक्रारी रिव्ह्यूमध्ये हमखास दिसतात, त्यांतल्या निम्म्या या फुकामुशीच्याच असाव्यात. विक्रेत्याने वर्णनात हे आधीच समजावलेलं असेल तर त्याला माझ्याकडून एक गुण जास्त.

मग घटक. सेन्चाच्या पाकिटावर घटक एकच हवा: ग्रीन टी. स्वस्तातल्या काही चहांत चव वाढवायला अमिनो आम्लं घालतात, ती यादीत दिसतात. माचाच्या नावाखाली साखर आणि दूध पावडर घातलेलं लाटे मिक्स विकतात, तेही यादीतूनच कळतं. गेनमाइचात तांदूळ असणारच. सेंद्रिय चहा हवा असेल तर जपानचं 'जेएएस' चिन्ह शोधा. नुसतं 'नॅचरल' किंवा 'केमिकल फ्री' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

'वजन घटवा', 'डिटॉक्स', 'पोट सपाट' अशी भाषा वर झळकत असेल तर पान बंद करा. चहा म्हणून विकण्यासारखं काही असतं तर औषध म्हणून विकला नसता.

माचा घ्यायचाच असेल तर

'सेरेमोनियल ग्रेड' ही कोणत्याही सरकारी यंत्रणेने ठरवलेली प्रत नाही. निर्यातीच्या बाजारात रूढ झालेलं ते विक्रीचं लेबल आहे. कुणीही, कशावरही लावावं. जपानी दुकानदार माचा सांगतो तो वापरावरून: दाट माचासाठीचा की पातळ माचासाठीचा. चांगला माचा २० ते ४० ग्रॅमच्या छोट्या डब्यात येतो. पावकिलोच्या पाउचवर 'सेरेमोनियल' दिसलं की शंका घ्या. रंग तजेलदार हिरवा हवा. पिवळट किंवा शेवाळी झाक असेल तर पूड जुनी किंवा उशिराच्या तोडणीची. आणि 'मे महिन्यातला एकदम ताजा माचा' या जाहिरातीला भुलू नका. माचाची पानं परंपरेने उन्हाळाभर मुरवून नोव्हेंबरात त्या वर्षीच्या मडक्याचं सील उघडतात.

२०२४च्या शरदात मागणी इतकी वाढली की क्योटोतल्या नामांकित पेढ्यांनी एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातल्या. त्यानंतर दरही चढले. अशा काळात 'भरपूर स्टॉक, पन्नास टक्के सूट' लिहिणाऱ्याकडे माल कुठून आला, हा प्रश्न आपोआप पडायला हवा.

किंमत ग्रॅमवर आणा

पाकिटाची किंमत बघू नका, १०० ग्रॅमची काढा. जपानात घरगुती वापराचा बरा सेन्चा १०० ग्रॅमला हजार येनच्या आसपास, असा ढोबळ हिशेब अनेक वर्षं चालत आला आहे. ग्योकुरो त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि वरही. एवढा अंदाज हाताशी असला की फार स्वस्त आणि फार महाग दोन्ही चटकन ओळखू येतं. लाकडी पेटी, रेशमी फीत आणि आत ३० ग्रॅम चहा असं असेल तर तुम्ही पेटीचे पैसे देताय.

एक प्रश्न विचारा

ही पायरी लोक गाळतात, आणि खरी परीक्षा इथेच होते. ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याला चार ओळींचा मेल टाका, साध्या इंग्रजीत चालेल: हा सेन्चा कोणत्या सालच्या कोणत्या तोडणीचा, पाकीट कधी भरलं, आणि मी भारतात दमट किनारी भागात राहतो, तर यातला कोणता चहा घ्यावा?

उत्तर दोन तऱ्हेचं येतं. एक असं: 'आमची सर्व उत्पादनं शंभर टक्के ताजी आणि उच्च दर्जाची आहेत, निर्धास्तपणे ऑर्डर करा.' यात तुमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. दुसरं साधारण असं: 'हा यंदाच्या मे महिन्यातला, माकिनोहाराचा याबुकिता आहे. कच्चा चहा आम्ही थंड गोदामात ठेवतो आणि लागेल तसा भाजून भरतो. तुम्हाला जाईल तो लॉट या महिन्यातला असेल. दमट हवेत राहता तर मोठं पाकीट घेऊ नका, ५० ग्रॅमची दोन घ्या.' जास्त विकण्याची संधी असताना कमी घ्या म्हणणारा माणूस भेटला की मी पुढची चौकशी आवरती घेतो. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी बिघडत नाही. उत्तराला दोन-तीन दिवस लागले तरी चालतं, तोडणीच्या दिवसांत मळेवाला मेल बघत बसलेला नसतो.

फोटो आणि रिव्ह्यू यांच्यावर मी याहून कमी वेळ घालवतो. फोटोत सुकं पान, उतरलेला चहा आणि भिजलेलं पान तिन्ही दाखवलेलं असावं. हिरवा रंग विजेसारखा चमकत असेल तर तो मोबाइलच्या फिल्टरचा. शंका आली तर तोच फोटो इमेज सर्चला टाका, पाच दुकानांत एकच चित्र निघालं की कळलं. रिव्ह्यूंत 'पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत' हे कुरिअरचं कौतुक असतं, चहाचं नव्हे. 'फारच कडू' लिहिणाऱ्याने उकळतं पाणी ओतलेलं असतं, ते सोडून द्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागवणाऱ्यांनी काय लिहिलंय ते शोधा, आणि तक्रारीला विक्रेत्याने कसं उत्तर दिलंय ते वाचा.

पार्सल, कस्टम आणि पाऊस

परदेशातून मागवणार असाल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. ते सहसा बंद असतात, आणि पेमेंट अडकलं की लोक विक्रेत्याला बोल लावतात. कुरिअरने येणाऱ्या पार्सलसाठी ओळखपत्र मागतात, तो निरोप खरा कुरिअर कंपनीचाच आहे ना याची खात्री करून मगच कागद पाठवा. कस्टम ड्युटी लागणार हे धरूनच हिशेब करा. ती पोस्टमन किंवा कुरिअरवाला दारात मागतो आणि कुरिअर कंपन्या वर स्वतःचा आकार लावतात. दर बदलत असतात, म्हणून ऑर्डर करण्याच्या आठवड्यात बघून घ्या.

'आम्ही गिफ्ट लिहून पाठवू, ड्युटी लागणार नाही' असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. भेट म्हणून येणाऱ्या मालाची जुनी सवलत भारताने डिसेंबर २०१९ मध्ये, राखीसारखे मोजके अपवाद सोडून, बंद केली. पार्सल अडकलं तर धावपळ तुमची होते, त्याची नाही. जो कस्टमच्या कागदावर खोटं लिहायला तयार आहे, तो तोडणीच्या सालाबद्दल खरं सांगेल कशावरून?

आता आपली गोव्याची खास अडचण. नवा चहा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि लगेच इथे मिरग लागतो. जूनपासून चवथीपर्यंत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड वाकतात, तिथे सेन्चाचं उघडं पाकीट काय टिकणार. चहा हवेतला ओलावाही ओढतो आणि वासही. सुक्या मासळीच्या डब्याशेजारी ठेवलात तर तो चहा पिववणार नाही. म्हणून विक्रेत्याच्या पॅकिंगकडे बारकाईने बघा. ॲल्युमिनियमचा थर असलेलं सीलबंद पाकीट, आतली हवा काढून किंवा नायट्रोजन भरून, हे किमान. पारदर्शक पिशवी, कागदी पाकीट, वर झाकणाला खिडकी असलेला डबा, हे दिसायला सुरेख असलं तरी चहाच्या मुळावर येतं. आणि ५० ग्रॅमचं पाकीट मिळतं का ते बघा. नुसतं पावकिलोत विकणाऱ्याकडे आपल्या हवेत जाऊ नये.

थेट जपानमधून मागवायचं तर माझी पसंती ऑक्टोबर-नोव्हेंबरला. पाऊस ओसरलेला असतो, पहिल्या तोडणीचा सेन्चा हाताशी असतो, मुरलेला माचाही नुकता बाहेर आलेला असतो. शिंचाचा हट्टच असेल तर एप्रिलमध्ये आगाऊ नोंदणी घेणारी दुकानं बघा, आणि पार्सल येईल त्या दिवशी घरी कुणीतरी असेल याची व्यवस्था करा. मे महिन्याच्या उन्हात गेटावर दुपारभर पडलेलं पाकीट कुणाच्याच उपयोगाचं नाही.

पाकीट हातात आल्यावर

पहिली ऑर्डर लहानच हवी. दोन प्रकार, प्रत्येकी पन्नास ग्रॅम. नमुन्याची पाकिटं मिळत असतील तर उत्तम.

आधी तारखा पानावरच्या माहितीशी ताडून बघा. मग कात्री लावा आणि पहिला वास नाकात भरून घ्या, तो परत तसा मिळत नाही. ताज्या सेन्चाला गोडसर, कोवळ्या गवतासारखा वास येतो. वाळक्या पेंढ्याचा, पुठ्ठ्याचा किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर चहा शिळा. चमचाभर पानं पांढऱ्या बशीत पसरा. साध्या सेन्चाची पानं गर्द हिरवी, किंचित चकाकणारी, टोकदार दिसतील. पिवळट तुकडे आणि फिके देठ जास्त असतील तर प्रत खालची. चिमटीत एक पान घेऊन मोडा, कडकन मोडलं पाहिजे. वाकलं तर ओलावा शिरलाय, आणि सील शाबूत असेल तर तो विक्रेत्याकडेच शिरलाय.

मग करून बघा. पाच ग्रॅम पानं, दीडशे-दोनशे मिली पाणी, ७० ते ८० अंश, एक मिनिट. फुकामुशीला पाऊण मिनिट पुरे. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका कपातून दुसऱ्या कपात ओतलं की साधारण दहा अंश उतरतं, तसं दोनदा करा. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असेल तर झाकण न लावता उकळून घ्या. चांगल्या विहिरीचं पाणी असेल तर प्रश्नच नाही, मात्र समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेव्हा ते टाळा. बारीक जाळीची गाळणी वापरा, आपली दुधाच्या चहाची गाळणी फुकामुशीचा चुरा अडवत नाही. किटलीतला शेवटचा थेंबसुद्धा काढा. साखर नाही, दूध नाही, निदान परीक्षेपुरतं तरी नाही.

चांगल्या सेन्चाचं दुसरं पाणी पहिल्यापेक्षा कमी दर्जाचं नसतं, वेगळं असतं. दुसऱ्यांदा जरा गरम पाणी घेऊन लगेच गाळा. दुसऱ्या वेळी नुसतं कडवट गरम पाणी हाती आलं तर पानांत काही नव्हतंच. ही चाचणी फसत नाही, आणि म्हणून चवीबद्दल मत बनवायचं ते दुसऱ्या कपानंतर.

उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या, प्रकाश न शिरणाऱ्या डब्यात, महिन्याभरात संपवा. न उघडलेलं फ्रिजमध्ये ठेवता येतं, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान अर्धा दिवस, कात्री लावू नका. नाहीतर पाकिटात दव धरतं, मग दोष विक्रेत्याला देता येणार नाही.

काही बिनसलं तर

फोटो काढून ठेवा: पाकीट, सील, तारखा, बशीतली पानं. मग विक्रेत्याला शांतपणे लिहा. जपानी दुकानं पार्सल परत मागवण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, कारण पाठवण्याचा खर्च मालाहून जास्त होतो. चांगलं दुकान दुसरं पाकीट पाठवतं किंवा पैसे वळते करतं, आणि हे धोरण त्यांच्या साइटवर लिहिलेलं असतं. ऑर्डरच्या आधी वाचलंत तर बरं.

भारतातल्या ऑनलाइन विक्रेत्याच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावा. मूळ देश लपवला असेल किंवा परवाना क्रमांक खोटा निघाला असेल तर तेही तक्रारीत लिहा, कारण मग प्रश्न चवीचा राहत नाही, कायद्याचा होतो. चव न आवडणं ही मात्र तक्रार होऊ शकत नाही. तो चहा थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळून प्या. उष्ण पाण्यात तुरट लागणारे बरेच चहा असे सुधारतात, आणि संपतातही.